आधी कोणती ग्रंथी? अवटू, अधिवृक्क आणि उपचारांचा क्रम

अवटू ग्रंथीचे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या थायरॉइडचे, काम मंदावले की थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि दीड-दोन महिन्यांनी रक्तातील टीएसएच, म्हणजे अवटूला काम करायला लावणारे आणि ती मंदावली की वाढणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक, तपासून गोळीचे प्रमाण कमी-जास्त करायचे, हा आधुनिक वैद्यकातील सर्वांत सुटसुटीत उपचारांपैकी एक मानला जातो. तरीही अहवाल निर्दोष असताना थकवा न गेलेले रुग्ण प्रत्येक दवाखान्यात आढळतात, आणि त्यांच्या असमाधानातून गेल्या दोन-तीन दशकांत असे मत रुजले आहे की अशा रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी, दीर्घकाळच्या ताणाने दमलेल्या असतात, म्हणून त्यांना आधी बळ द्यावे आणि मगच अवटूला हात घालावा. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे या कल्पनेचे प्रचलित नाव जेम्स विल्सन या अमेरिकी निसर्गोपचारकाने १९९८ मध्ये रूढ केले. आज ते मराठी शहरांतल्या आहारसल्ल्यांतही सर्रास ऐकू येते.

या मताची पंचाईत अशी की ते सर्वस्वी खोटे नाही. अधिवृक्क खरोखर निकामी झालेल्या रुग्णाला आधी थायरॉक्सिन दिले तर त्याच्या जिवावर बेतू शकते, हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतच लिहिलेले आहे, आणि ‘आधी अधिवृक्क’ ही घोषणा त्याच नियमाचे, मूळ संदर्भापासून तोडलेले, रूप आहे. पुढील संवादात या दोन्ही बाजू समोरासमोर येतात. एक आयुर्वेदाचा वैद्य आहे, ज्याच्याकडे गोळी घेऊनही बरे न वाटलेले रुग्ण येतात. दुसरी अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे संप्रेरकांच्या विकारांची विशेषज्ञ डॉक्टर आहे, जिच्याकडे ‘ग्रंथींना बळ’ देणारी औषधे घेऊन बिघडलेले रुग्ण येतात. दोघेही नमुन्यादाखल कल्पिलेले आहेत.

वैद्य : डॉक्टर, गोळी वर्षानुवर्षे चालू आहे, टीएसएच दोन-अडीचच्या घरात आहे, आणि तरी बाई म्हणते की सकाळी अंथरुणातून उठवत नाही. तिला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढेच सांगून परत पाठवणे म्हणजे निदानाचा कंटाळा करणे होय. शरीर एका ग्रंथीवर चालत नाही. अवटू चयापचयाचा वेग ठरवते आणि अधिवृक्क ताणाला तोंड देतात. वेग वाढवला आणि ताण सोसणारी यंत्रणाच ढिली असली, तर धडधड होणार, घाम फुटणार, झोप उडणार.

डॉक्टर : कंटाळ्याचा आरोप पुष्कळदा खरा असतो, तो मान्य. पण थकव्याचे कारण अवटूत सापडले नाही म्हणजे ते अधिवृक्कातच असले पाहिजे, हे कशावरून? या ग्रंथी चार-पाच ग्रॅम वजनाच्या. त्यांच्या बाह्य थरातून कॉर्टिसॉल स्रवते, जे रक्तातील साखर आणि रक्तदाब सावरून धरते. त्याच थरातून अल्डोस्टेरॉन स्रवते, जे शरीरातील मीठ आणि पाणी राखते. कॉर्टिसॉल किती हवे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाच्या संप्रेरकातून देते, आणि म्हणूनच ते पहाटे चढते, सकाळी आठच्या सुमारास शिखराजवळ असते आणि मध्यरात्री तळाला जाते. या साखळीतली कोणती कडी दमते, हे सांगितल्याशिवाय ‘दमली’ या शब्दाला वैद्यकीय अर्थ येत नाही.

वैद्य : कडी ग्रंथीचीच. मधुमेहात काय होते? स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे जास्तीचे काम करतात आणि शेवटी हात टेकतात. हे तर आपल्याच पुस्तकात आहे. एक ग्रंथी ओझ्याने खचते हे मान्य, मग दुसरी खचू शकत नाही, हे कसे?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, आणि ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ची खिल्ली उडवणारे बहुतेक लेखक त्याला बगल देतात. या कल्पनेमागे हान्स सेल्ये यांची परंपरा उभी आहे. ताणाला शरीर कसे सामोरे जाते याविषयी त्यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात इशारा, प्रतिकार आणि अखेरची गलितावस्था असे तीन टप्पे होते, आणि या तिसऱ्या टप्प्यातली गलितावस्था पुढे लोकप्रिय लेखनात ग्रंथीचीच थकावट होऊन बसली.

डॉक्टर : तुलना चांगली आहे, पण दोन ग्रंथींचा स्वभाव वेगळा. एसीटीएचचा मारा दीर्घकाळ होत राहिला तर अधिवृक्क आकसत नाहीत, उलट जाड होतात आणि जास्त कॉर्टिसॉल करतात. पीयूषिकेत गाठ होऊन एसीटीएच वाढते त्या कुशिंग विकारात हेच दिसते. मोठ्या आजारात अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाचे कॉर्टिसॉलही बहुधा चढलेलेच असते. अधिवृक्क आकसतात ते हुकूम थांबल्यावर, म्हणजे पीयूषिका निकामी झाल्यावर किंवा बाहेरून स्टेरॉइड घेतल्यावर. शिवाय ‘दमलेल्या’ अधिवृक्कांचा शोध झाला नाही असे नाही. ब्राझीलच्या कादेजिआनी आणि कातेर या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र तपासले. थकवा आणि कॉर्टिसॉल यांचा सुसंगत संबंध त्यांना आढळला नाही, आणि लाळेतले कॉर्टिसॉल दिवसातून चार वेळा मोजण्याच्या ज्या चाचणीवर या कल्पनेचे पुरस्कर्ते भिस्त ठेवतात, तिच्यातूनही एकसारखे चित्र निघाले नाही.

वैद्य : सिद्ध झाले नाही म्हणजे नाहीच, असे नव्हे.

डॉक्टर : नव्हे. पण औषध देणाऱ्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी असते, न घेणाऱ्यावर नसते.

येथवरच्या वादात डॉक्टरांची बाजू सरस ठरते. परंतु वैद्याच्या हातात याहून बळकट मुद्दा आहे आणि तो त्याने पुढे मांडला : अधिवृक्क आधी पाहावेत हा नियम डॉक्टरांच्याच शास्त्रात असताना त्याला लोकभ्रम का म्हणावे?

या नियमाची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. रक्तातील कॉर्टिसॉलचा साठा हा पाण्याचा रांजण मानला, तर अधिवृक्क हा त्यात पडणारा नळ आणि यकृत ही त्याच्या तळाची गळती होय. अवटू मंद असताना यकृतातील विघटनही मंदावते, गळती बारीक होते, आणि नळ जवळजवळ आटलेला असला तरी रांजणात कामापुरते पाणी टिकते. थायरॉक्सिन सुरू झाले की गळती पूर्ववत मोठी होते आणि त्याच वेळी वाढलेल्या चयापचयामुळे पाण्याची गरजही वाढते. निरोगी अधिवृक्क असलेल्या माणसाची पीयूषिका नळ थोडा अधिक सोडते आणि काही बिघडत नाही. नळच निकामी असलेल्या माणसाचा रांजण मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत रिता होतो, आणि उलट्या, पोटदुखी, रक्तदाब कोसळणे, शुद्ध हरपणे या क्रमाने अधिवृक्क संकट ओढवते. म्हणून दोन्ही ग्रंथी बिघडलेल्या असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसॉल, आणि मग थायरॉक्सिन, हा क्रम ठरलेला आहे. अवटूमंदतेच्या पराकोटीत, रुग्ण थंड पडून बेशुद्धीत जातो तेव्हाही, अधिवृक्क शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत थायरॉक्सिनआधी हायड्रोकॉर्टिसोन देण्याची शिफारस आहे.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने जमले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अधिवृक्क नष्ट झालेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले : वाढती अशक्तता, उलट्या आणि त्वचेचा विलक्षण काळपटपणा. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. १९२६ मध्ये श्मिट यांनी एकाच रुग्णात अवटू आणि अधिवृक्क दोन्ही नष्ट झाल्याची उदाहरणे मांडली. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते, हा स्वयंप्रतिरक्षेचा प्रकार त्यामागे असतो, हे पुढे कळले. योगायोग असा की दोन्ही ग्रंथींची औषधे एकाच रसायनज्ञाच्या हातून गेली. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन वेगळे काढले आणि पुढे अधिवृक्कांच्या स्टेरॉइडांवरील कामाबद्दल त्यांना १९५० च्या नोबेल पुरस्कारात हेंच आणि राइखश्टाइन यांच्यासह वाटा मिळाला. या दुहेरी विकाराचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण अमेरिकेचा अध्यक्ष होता. जॉन केनेडी यांना १९४७ मध्ये अ‍ॅडिसन विकाराचे आणि १९५५ मध्ये अवटूमंदतेचे निदान झाले, त्यांच्या बहिणीलाही अ‍ॅडिसन होता, आणि त्यांची वैद्यकीय कागदपत्रे अभ्यासलेले ली मँडेल यांनी २००९ मध्ये हा स्वयंप्रतिरक्षेचाच बहुग्रंथी विकार असल्याचे प्रतिपादन केले. १९६० च्या निवडणुकीत मात्र त्यांच्या गोटातून हा आजार जाहीरपणे नाकारला गेला होता.

वैद्य : म्हणजे क्रम बरोबर आहे. मग भांडण कशाचे?

डॉक्टर : कोणाला लागू करायचा, याचे. युरोपात दहा लाखांत साधारण शंभर ते एकशेचाळीस लोकांना अ‍ॅडिसन विकार असतो. आता अवटूमंदता पाहा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोवा धरून भारतातल्या आठ शहरांत झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ अकरा टक्के लोकांना ती आढळली. हजारात एकशेदहा रुग्णांना आधी अधिवृक्काची औषधे द्यायची, कारण त्यांच्यात कुठे तरी एखादा अ‍ॅडिसनचा असेल, हा हिशेब होत नाही. त्या एकाला शोधून काढायचे असते.

वैद्य : आणि तो शोधतो कोण? पाच मिनिटांच्या भेटीत हिरड्या कोण पाहतो?

डॉक्टर : पाहायला हव्यात. तळहातावरच्या रेषा, हिरड्या, गालाचा आतला भाग, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, सगळीकडे काळपटपणा शोधायचा. सावळ्या माणसात नुसता ‘रंग काळवंडला’ असे म्हणून भागत नाही. घरचे उन्हाला दोष देतात, म्हणून लग्नातला किंवा दोन वर्षांपूर्वीचा फोटो मागवावा लागतो. आडवे असताना रक्तदाब घ्यायचा, उभे करून तीन मिनिटांत पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा वीसने किंवा अधिक उतरला तर थांबायचे. आणि वजन विचारायचे. अवटूमंदतेत वजन वाढते. वजन उतरत असेल, लोणच्याच्या बरणीत हात जात असेल, नुसते मीठ चाटावेसे वाटत असेल, तर टीएसएच कितीही वाढलेले असले तरी थायरॉक्सिनची चिठ्ठी लिहिण्याआधी सकाळचे कॉर्टिसॉल, सोडियम आणि पोटॅशियम बघायचे.

येथे एक गुंतागुंत नोंदवावीच लागेल. कॉर्टिसॉल कमी असले की टीएसएच मुळातच थोडे वाढते. अ‍ॅडिसन विकाराच्या काही रुग्णांत हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर काही आठवड्यांत टीएसएच आपोआप उतरते आणि थायरॉइडची गोळी लागतच नाही. किंचित वाढलेल्या टीएसएचवर लगेच गोळी देणाऱ्या डॉक्टरच्या लक्षात हे आले नाही, तर रुग्णाला न लागणारे औषध मिळते आणि खरा आजार त्यामागे दडून राहतो.

वैद्याचा पुढचा मुद्दा या सगळ्याहून महत्त्वाचा आहे, कारण तो भारतीय आणि विशेषतः ग्रामीण स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या चुकीविषयी आहे.

वैद्य : आपण सगळे टीएसएचवर बोलता. स्वस्तातल्या तपासणी-पॅकेजात तेवढेच असते. पण बाळंतपणात भरपूर रक्त गेले, पान्हाच फुटला नाही, पाळी परत आली नाही, काखेतले केस गळले, चेहरा पांढराफटक पडला, आणि दहा-बारा वर्षे ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिके पिऊन काढली, अशी बाई टीएसएचच्या जाळ्यात सापडते का?

डॉक्टर : नाही सापडत. हा शीहान विकार. गरोदरपणात पीयूषिका फुगून मोठी होते, आणि प्रसूतीच्या अतिरक्तस्रावात रक्तदाब कोसळला की तिचा रक्तपुरवठा तुटून ती मरते. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडले. पीयूषिका मेली की टीएसएचही नीट बनत नाही, मग ते वाढणार कुठून? अहवालात टीएसएच नॉर्मल येते, कधी किंचित वाढलेलेही, पण ते निष्प्रभ असते. खरे चित्र मुक्त थायरॉक्सिन, म्हणजे फ्री टी-फोर, मोजल्यावर कळते. आणि इथे तो क्रम लागू पडतो, कारण एसीटीएचही गेलेले असते. अशा बाईचे टी-फोर कमी पाहून कोणी नुसते थायरॉक्सिन दिले, तर आठवड्याभरात ती उलट्या करत रुग्णालयात येऊ शकते.

वैद्य : आणि घोणस चावलेला शेतकरी?

डॉक्टर : तोही. घोणसेच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही रुग्णांत पीयूषिकेतही रक्तस्राव किंवा रक्तपुरवठ्याचा खंड होतो. दंशातून वाचलेला माणूस काही महिन्यांनी ‘पूर्वीसारखा राहिला नाही’ असे घरचे सांगतात, तेव्हा ते दंशाचा उल्लेखच करत नाहीत, कारण तो त्यांच्या लेखी संपलेला विषय असतो. या दोन्ही प्रकारांत त्वचा काळवंडत नाही, पोटॅशियम वाढत नाही, कारण अल्डोस्टेरॉन पीयूषिकेच्या हुकमावर फारसे अवलंबून नसते. म्हणून पुस्तकातल्या अ‍ॅडिसनचे चित्र डोळ्यांपुढे धरून बसणारा डॉक्टर इथे फसतो.

‘अधिवृक्क दमतात’ ही समजूत बाजूला ठेवली, तरी रुग्णाला बाळंतपण, पान्हा, दंश, क्षय यांविषयी सविस्तर विचारण्याची वैद्याची सवय संप्रेरकांच्या निदानात प्रयोगशाळेइतकी मोलाची आहे. क्षयाचा प्रश्न तर या देशात वेगळाच आहे. युरोपात अ‍ॅडिसन विकार आता बहुतांशी स्वयंप्रतिरक्षेने होतो. भारतात अधिवृक्कांचा क्षय आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा संसर्ग ही कारणे अजून डोळ्यांआड करता येत नाहीत. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाने यकृतातील विघटन वाढते आणि कॉर्टिसॉलची गळती मोठी होते, त्यामुळे अर्धवट निकामी अधिवृक्क असलेला रुग्ण क्षयाची औषधे सुरू झाल्यावर अचानक ढासळू शकतो; त्याच रुग्णाची थायरॉक्सिनची गरजही रिफाम्पिसिनमुळे वाढते.

संवाद येथून ‘बळ देणाऱ्या’ औषधांकडे वळला.

डॉक्टर : बाजारातल्या ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ गोळ्यांत काय असते, हे अमेरिकेत २०१८ मध्ये तपासले गेले. बारा उत्पादने घेतली; बाराही उत्पादनांत टी-थ्री हे अवटूचे संप्रेरक निघाले आणि सातांत कुठले ना कुठले स्टेरॉइड निघाले. लेबलवर यांतले काही नव्हते. अशी गोळी घेतल्यावर तरतरी आली, तर त्यात आश्चर्य काय? आणि ती सोडल्यावर अधिक मरगळ आली, तर ‘अधिवृक्क दमलेलेच होते’ असे सिद्ध झाल्यासारखे वाटते.

वैद्य : तो प्रकार आपल्याकडे जुना आहे. सांधेदुखीवर, दम्यावर ‘जडीबुटी’ म्हणून कागदात बांधलेली पुडी मिळते, आणि एका रात्रीत कंबर मोकळी होते. आयुर्वेदातले कोणते चूर्ण एका रात्रीत असे करते? भूक वाढते, गाल भरतात, आणि रुग्ण गावभर त्या पुडीचे गुण सांगतो. तिच्यात डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन मिसळलेले असते. औषधाच्या दुकानातही हीच गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. आयुर्वेदाच्या नावावर हे खपते, याची चीड वैद्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त आहे.

डॉक्टर : आणि अधिवृक्क खरोखर झोपलेले सापडतात ते इथेच. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बाहेरचे स्टेरॉइड शरीराच्या गरजेहून जास्त घेतले की पीयूषिका हुकूम देणे थांबवते आणि ग्रंथी आकसते. सकाळचे कॉर्टिसॉल तपासले तर एकदम कमी दिसते. पुडी बंद केली, ताप आला किंवा शस्त्रक्रिया झाली, की रुग्ण कोसळतो. अशा रुग्णाला ‘ताणामुळे अधिवृक्क दमले’ असे सांगणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

पुडीवर दोघांचे एकमत झाले, पण अधिवृक्कांना ‘बळ’ म्हणून दिल्या जाणाऱ्या ज्येष्ठमधावर झाले नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हा घटक मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्प्रभ करणाऱ्या विकराला अडवतो, त्यामुळे कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते, मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घसरते आणि रक्तदाब चढतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर नेदरलँड्समध्ये पोटातील व्रणांसाठी ज्येष्ठमध घेणाऱ्यांना सूज येत असल्याचे पाहून डॉक्टरांनी ते अ‍ॅडिसनच्या रुग्णांवर वापरून पाहिले, आणि ज्यांच्यात थोडे तरी कॉर्टिसॉल शिल्लक होते त्यांना फायदा झाला; ज्यांच्यात मुळीच नव्हते त्यांना झाला नाही. वैद्याच्या मते हा वनस्पतीच्या सामर्थ्याचा पुरावा होता. डॉक्टरांच्या मते तो तिच्या मर्यादेचा पुरावा होता, कारण अवटूमंदतेत खालचा रक्तदाब आधीच वाढलेला असू शकतो आणि निरोगी अधिवृक्क असलेल्या बाईला महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचा काढा देणे म्हणजे एका व्याधीत दुसरी पेरणे होय. घशासाठी चार दिवस चघळण्याला त्यांची हरकत नव्हती. सकाळी उठल्याउठल्या मीठपाणी पिण्याचा जो सल्ला या प्रचारात दिला जातो, त्याची दखल घेण्याइतकेही सत्त्व त्यात नाही. पापड, लोणचे आणि भाजीतले मीठ धरता इकडच्या ताटात मिठाची टंचाई कधी नव्हती.

खऱ्या अधिवृक्क-निकामीपणाचे निदान आणि उपचार यांविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते थोडक्यात देता येते. सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल तीन मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर निदान जवळजवळ निश्चित. पंधरा-अठराच्या वर असेल तर ते जवळपास बाद. मधल्या रुग्णांना कृत्रिम एसीटीएचचे २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एका तासाने पुन्हा मोजतात. उपचार म्हणजे दिवसाला पंधरा ते पंचवीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, मोठा वाटा सकाळी, उरलेला दुपारनंतर, आणि अ‍ॅडिसन विकारात जोडीला अल्डोस्टेरॉनची जागा घेणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन. ताप आला तर मात्रा दुप्पट-तिप्पट, उलटी होऊन गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि रुग्णालय. हे रुग्णाला तोंडी सांगून पुरत नाही. त्याच्या पाकिटात लिहिलेले कार्ड लागते.

वैद्य : आणि ज्या बाईला यांतले काहीच नाही, तिचे काय? तिचे कॉर्टिसॉल अठराच्या वर आले, टीएसएच दोन, आणि थकवा तसाच. आपले शास्त्र तिच्यापुढे हात वर करते, म्हणून ती त्या गोळ्यांकडे वळते.

डॉक्टर : हात वर करायच्या आधी बरेच पाहायचे राहिलेले असते. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, बी-बारा. शाकाहारी घरांत हे हमखास कमी निघते. झोपेत घोरताना श्वास अडकतो का. मन खिन्न आहे का. ग्लुटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक विकार, जो स्वयंप्रतिरक्षेच्या अवटूविकाराबरोबर आढळतो. गोळी कशी घेते, हेही : चहाबरोबर घेते का, लगेच कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी घेते का, ज्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. केसांसाठी बायोटिन घेत असेल तर टीएसएचचा आकडाच फसवा येऊ शकतो. एवढे पाहूनही काही सापडले नाही, तर ‘कारण कळले नाही’ असे तिला सांगण्यात कमीपणा नाही.

वैद्य : कमीपणा नाही, पण तिला उद्याही कामावर जायचे असते. तिला अश्वगंधा दिली, निजण्याची वेळ बांधून दिली, रात्रीचे जेवण लवकर घ्यायला लावले, तर बिघडते काय?

डॉक्टर : झोप आणि जेवण बांधून द्या, त्यावर कोणी भांडणार नाही. अश्वगंधेचे मात्र तसे नाही. भारतातल्याच एका लहान प्रयोगात, अवटूची किंचित मंदता असलेल्या पन्नास जणांवर, आठ आठवडे रोज सहाशे मिलिग्रॅम अर्क दिल्यावर टीएसएच उतरले आणि अवटूची संप्रेरके वाढली. म्हणजे ती निष्क्रिय नाही. थायरॉक्सिनची गोळी चालू असताना तीही घेतली आणि टीएसएच शून्याजवळ गेले, हृदयाचे ठोके वाढले, तर कोणते औषध कमी करायचे? अवटूविषाक्ततेची, म्हणजे संप्रेरक अति झाल्याची, प्रकरणे तिच्यावर नोंदलेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

वैद्य : गोळी कमी करायची. औषध काम करते म्हणून ते बंद करायचे, हा न्याय कुठला? मात्रा ठरलेल्या अर्कात विथॅनोलाइडे, म्हणजे अश्वगंधेतले गुणकारी घटक, किती आहेत ते लिहिलेले असते.

डॉक्टर : विथॅनोलाइडे किती ते लिहिलेले असते, पण त्यांनी टी-फोर किती वाढेल ते कोणी लिहू शकत नाही. गोळीतले मायक्रोग्रॅम मोजलेले असतात. मोजलेले कमी करून न मोजलेले चालू ठेवायचे, हे पटत नाही.

अश्वगंधेवर त्या दोघांचे जुळले नाही, आणि दोन्ही बाजूंचा आग्रह पाहता ते जुळण्यासारखेही नव्हते. वैद्याने एवढेच कबूल केले की थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाला अश्वगंधा दिल्यास तिचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख त्याच्या केसपेपरवर लिहिली जाईल आणि सहा आठवड्यांनी टीएसएचबरोबर यकृताच्या चाचण्याही केल्या जातील. डॉक्टरांनी त्या बदल्यात मान्य केले की प्रसूतीनंतर पान्हा न आलेल्या किंवा पाळी परत न आलेल्या स्त्रीला वैद्याकडून चिठ्ठी आली, तर केवळ टीएसएच नॉर्मल आहे म्हणून ती परत जाणार नाही. तिचे टी-फोर आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासले जाईल, आणि थायरॉक्सिनची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी तपासले जाईल.